बाहेर पडण्याचा क्षण : क्रॅश प्रकारच्या ऑनलाइन जुगाराच्या मार्गदर्शिकांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

जुगार हा विषय भारतीय साहित्याला नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त, महाभारताच्या सभापर्वातील द्यूतप्रसंग आणि वनपर्वातील नलोपाख्यान यांचा विचार समीक्षेने वेळोवेळी केला आहे. मात्र हे सर्व लेखन जुगाऱ्याविषयीचे आहे, जुगाऱ्यासाठी केलेले नाही. गेल्या काही वर्षांत मोबाइलच्या पडद्यावर दुसऱ्या जातीचे लेखन विपुल प्रमाणात दिसू लागले आहे. ते जुगाऱ्याला उद्देशून लिहिलेले असते, द्वितीयपुरुषी आज्ञार्थात असते, आणि 'खेळ कसा खेळावा' हे शिकविणे हा त्याचा प्रकट हेतू असतो. अशा मार्गदर्शिकांना वाङ्मयीन मूल्य आहे असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु त्यांत एक निवेदन आहे, एक नायक आहे, संकट आहे, सुटका आहे. आणि वाचकाच्या हातून एक निश्चित कृती घडवून आणणे हे प्रयोजन आहे. संहिता म्हणून त्यांचे वाचन करण्यास एवढे पुरेसे आहे. प्रस्तुत लेखात 'क्रॅश' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाच्या मार्गदर्शिकांपुरताच विचार केला आहे.

खेळाची रीत

या प्रकारचा आरंभ 2014 च्या सुमारास बिटकॉइनवर चालणाऱ्या 'मनीपॉट' (पुढे 'बस्टाबिट') या खेळापासून झाला. त्याला व्यापक प्रसार मिळाला तो जॉर्जिया देशातील 'स्प्राइब' या कंपनीने 2019 मध्ये आणलेल्या 'एव्हिएटर'मुळे. काळ्या पार्श्वभूमीवर एक लाल विमान उड्डाण करते. त्याच्या चढत्या रेषेबरोबर एक आकडा वाढत जातो : 1.00, 1.10, 1.50, 2.00 आणि पुढे. हा गुणक होय. डाव सुरू होण्यापूर्वी खेळणाऱ्याने रक्कम लावावयाची आणि विमान अदृश्य होण्यापूर्वी 'कॅश आउट'चे बटण दाबावयाचे. शंभर रुपये लावून 1.80 वर बटण दाबले तर एकशे ऐंशी रुपये परत मिळतात. बटण दाबण्याआधी विमान उडून गेले तर शंभर रुपये गेले. विमान 1.00 वरच नाहीसे होणे हेही संभवते. त्या डावात बटण दाबण्यास अवसरच मिळत नाही.

एका वेळी दोन रकमा लावता येतात. गुणक ठरावीक आकड्यावर पोहोचताच रक्कम आपोआप काढून घेण्याची सोय आहे. मागील डावांचे गुणक पडद्याच्या वरच्या भागात ओळीने दिसत राहतात, आणि बाजूला इतरांनी किती लावले, कोठे काढले, याची यादी सरकत असते. डाव काही सेकंदांत आटोपतो व लगेच दुसरा सुरू होतो. खेळाचे नियम एवढेच आहेत. ते समजावून सांगण्यास एक परिच्छेद पुरतो. मग या मार्गदर्शिका एवढ्या लांब का असतात, हा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे.

'केव्हा' हा प्रश्न

बहुतेक सर्व मार्गदर्शिकांचा विस्तार 'बटण केव्हा दाबावे' या एका प्रश्नाभोवती होतो. कोणी कमी गुणकावर बाहेर पडून थोडे थोडे साठविण्याचा सल्ला देते, कोणी क्वचित येणाऱ्या मोठ्या गुणकाची वाट पाहण्याचा. दोन रकमांपैकी एक लवकर काढून दुसरी चालू ठेवावी, हा मधला मार्ग विशेष प्रिय आहे. हरल्यास पुढील डावात रक्कम दुप्पट करावी, ही 'मार्टिंगेल' नावाची जुनी युरोपीय युक्तीही नव्या पोशाखात हजर असते. या सल्ल्यांची भाषा निर्णयाची आहे. संयम, अभ्यास, शिस्त, डावपेच हे शब्द त्यांत पुनःपुन्हा येतात. वाचकाला असे वाटावे की येथे एक विद्या आहे आणि ती शिकणाऱ्याला फळ मिळते.

या दाव्याची परीक्षा गणिताने करता येते, आणि ती फारशी अवघड नाही. एव्हिएटरचा जाहीर केलेला परतावा 97 टक्के आहे. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी दीर्घकालीन सरासरीने 97 रुपये खेळणाऱ्यांकडे परत येतात. अशा खेळात गुणक एखाद्या आकड्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता, 0.97 ला त्या आकड्याने भागले असता मिळते. दुपटीपर्यंत विमान पोहोचण्याची शक्यता 48.5 टक्के, दहापटीपर्यंत 9.7 टक्के, शंभरपटीपर्यंत एक टक्क्याहून किंचित कमी. आता प्रत्येक ठिकाणी मिळणारी रक्कम आणि ती मिळण्याची शक्यता यांचा गुणाकार करावा. उत्तर सर्वत्र एकच येते : 97 रुपये.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. बटण केव्हाही दाबले तरी सरासरी तोटा बदलत नाही. बदलते ते तोट्याचे रूप. अतिसावध खेळणारा 1.01 वर बाहेर पडतो असे मानले, तर शंभर डावांत तो सुमारे 96 वेळा एकेक रुपया मिळवील आणि सुमारे चार वेळा शंभर-शंभर गमावील. वजाबाकीने जवळपास तीनशे रुपये जातील. शंभरपटीची वाट पाहणारा कधी शंभरच्या शंभर डाव हरेल, कधी एखाद्या डावात दहा हजार मिळवील. त्याचीही सरासरी तीच. एकाचा तोटा उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा हळूहळू खाली जातो, दुसऱ्याचा वळवाच्या पावसासारखा वाट पाहायला लावतो. दोन रकमांच्या मधल्या मार्गाने या दोन्ही स्वभावांचे मिश्रण होते, अधिक काही होत नाही.

दुप्पट करीत जाण्याच्या युक्तीचा हिशेब अधिक बोलका आहे. शंभर रुपयांपासून आरंभ करून दर हरलेल्या डावानंतर रक्कम दुप्पट केली आणि लक्ष्य दुपटीचे ठेवले, तर सात डाव सलग हरल्यास 12,700 रुपये गेलेले असतात व आठव्यासाठी 12,800 हवे असतात. सात वेळा सलग हरण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास आहे. उरलेल्या नव्व्याण्णव टक्के वेळी लाभ होतो तो फक्त शंभर रुपयांचा. सातव्या पराभवानंतर थांबणाऱ्या खेळाडूचा सरासरी तोटा प्रत्येक अशा मालिकेमागे सुमारे 23 रुपये येतो. मार्गदर्शिकेत पहिल्या चार पायऱ्यांचा तक्ता दिलेला असतो. सातवी पायरी क्वचितच छापली जाते.

मागील गुणकांच्या ओळीविषयीही असेच म्हणावे लागेल. सलग पाच लहान गुणक आले की मोठा 'येणे बाकी आहे' असे सुचविले जाते. 18 ऑगस्ट 1913 रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटचे काळे घर सलग 26 वेळा आले, आणि आता लाल येणारच म्हणून लोकांनी प्रचंड रकमा गमावल्या. तो प्रसंग संभाव्यतेच्या पाठ्यपुस्तकांत उदाहरण म्हणून सांगितला जातो. रूलेटच्या चाकाला जशी स्मृती नसते, तशी विमानालाही नसते. मग ती ओळ पडद्यावर ठेवण्याचे प्रयोजन काय? ती काही सांगत नसली तरी वाचता येते, हेच तिचे प्रयोजन दिसते. एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी 1975 मध्ये ज्याला नियंत्रणाचा भ्रम म्हटले, त्याला अशा वाचनीय खुणांचा मोठाच आधार मिळतो.

अक्षहृदयाचे आश्वासन

येथे नलोपाख्यानाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कलीने ग्रासलेला नल पुष्कराशी खेळून राज्य गमावतो. पुढे बाहुक या नावाने तो अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो. मार्गात ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे पाहून पाने व फळे यांची संख्या सांगतो. नल रथ थांबवून ती मोजून पाहतो आणि ती बरोबर ठरते. फासेही बेहड्याच्याच फळांचे असत, हा तपशील येथे मोलाचा आहे. नल अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकतो, कली त्याच्या देहातून बाहेर पडतो, आणि पुन्हा झालेल्या द्यूतात नल आपले राज्य परत मिळवितो. संभाव्यतेच्या इतिहासाचे अभ्यासक इयन हॅकिंग यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात या कथेची दखल घेतली आहे. संख्याज्ञान आणि द्यूतज्ञान यांचा संबंध तेथे स्पष्ट जोडला गेला आहे, हे त्याचे कारण.

क्रॅशच्या मार्गदर्शिका नकळत हेच कथासूत्र वापरतात. अज्ञानामुळे हरलेला मनुष्य, त्याला भेटलेला जाणता, विद्येची प्राप्ती आणि गेलेले परत मिळणे. उपाख्यानात मात्र नल मनुष्याविरुद्ध खेळत होता, आणि पुष्कराजवळ नसलेली विद्या त्याच्याजवळ आली होती. क्रॅशमध्ये समोर मनुष्य नाही. समोर एक सूत्र आहे, आणि ते सूत्र कोणाच्याही ज्ञानाने बदलत नाही. या खेळाचे अक्षहृदय वर एका वाक्यात सांगितलेच आहे : 0.97 ला गुणकाने भागावे. ते ज्याला कळले त्याला जिंकण्याचे सामर्थ्य मिळत नाही. किती दराने हरणार एवढेच कळते. ज्ञान आणि विजय यांची जी गाठ नलोपाख्यानाने बांधली, ती येथे सुटलेली आहे, आणि मार्गदर्शिकेचे सारे कौशल्य ती सुटल्याचे लक्षात येऊ न देण्यात खर्च होते.

दोस्तोयेव्हस्कीने 1866 मध्ये, प्रकाशकाशी केलेल्या जाचक कराराची मुदत गाठण्यासाठी, 26 दिवसांत लघुलेखिकेला सांगून 'द गॅम्बलर' ही कादंबरी पूर्ण केली. तिच्यातील वृद्ध आजी रूलेटवर शून्याच्या घरावर हट्टाने पैसे लावते व आरंभी जिंकते. रूलेटमध्ये कॅसिनोचा फायदा ज्या घरामुळे निर्माण होतो ते नेमके शून्याचे घर होय. दोस्तोयेव्हस्की स्वतः जुगारी होता. हा विरोधाभास त्याने समजून योजला की सवयीने, हे ठरविणे कठीण आहे. एकच शून्य असलेल्या रूलेटमध्ये कॅसिनोचा वाटा 37 मध्ये एक, म्हणजे सुमारे 2.7 टक्के असतो. क्रॅशचा तीन टक्के. आकडे जवळजवळ सारखेच आहेत. फरक वेगाचा आहे. मिनिटाला दोन डाव धरले, तरी शंभर रुपयांच्या दराने तासाला बारा हजार रुपयांची उलाढाल होते आणि सरासरीने 360 रुपये जातात. मुंबईत 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी सुरू केलेल्या मटक्याची याच्याशी तुलना करण्यासारखी आहे. तेथे दिवसाला एक 'ओपन' आणि एक 'क्लोज' असे. मटक्याचा परतावा कितीही वाईट असला तरी दोन आकड्यांच्या मध्ये दिवस जात असे, कामावर जावे लागे, घरी जेवावे लागे. क्रॅशमध्ये असा मधला काळच शिल्लक नाही.

'फेअर' या शब्दाविषयी

मार्गदर्शिकांचा आवडता आणखी एक शब्द 'प्रोव्हेबली फेअर' हा होय. त्यामागील तंत्र खरे आहे व कुतूहलजनकही आहे. डाव सुरू होण्यापूर्वी सर्व्हर एक गुप्त अक्षरमाला निश्चित करतो व तिचा सांकेतिक ठसा आधीच जाहीर करतो. एव्हिएटरमध्ये तिच्यात त्या डावातील पहिल्या तीन खेळाडूंकडून आलेल्या अक्षरमाला मिसळल्या जातात, आणि या सर्वांवरून गुणक ठरतो. डाव संपल्यावर कोणालाही पडताळणी करता येते. म्हणजे रकमा लागलेल्या पाहून विमान मध्येच खाली ओढले, असा आरोप तपासून पाहता येतो. गुणक आधी सांगतो म्हणून विकली जाणारी 'प्रेडिक्टर' नावाची साधने फसवी असतात, हेही यावरूनच सिद्ध होते. जाहीर ठशावरून मूळ अक्षरमाला काढणे व्यवहारतः अशक्य आहे.

तथापि या तंत्राने जे सिद्ध होते ते प्रामाणिकपणा आहे, समानता नव्हे. जाहीर केलेले तीन टक्के नियमाप्रमाणेच घेतले जातात, एवढीच त्याची ग्वाही. मराठीत 'फेअर'साठी 'न्याय्य' हा शब्द योजला की अर्थाची सीमा नकळत ओलांडली जाते. तराजू खरा आहे आणि व्यवहार रास्त आहे ही दोन वेगळी विधाने आहेत. मार्गदर्शिका पहिल्याचा पुरावा देऊन दुसरे पदरात पाडून घेतात.

कायद्याच्या भाषेतही असाच एक शब्द दीर्घकाळ वादाचा विषय होता : कौशल्य. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले. रमी व घोड्यांच्या शर्यती यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने अनुक्रमे 1968 व 1996 मध्ये दिलेले निर्णय याच भेदावर उभे आहेत. बटण दाबण्याचा निर्णय खेळणाऱ्याच्या हाती आहे, या युक्तिवादाने क्रॅशलाही कौशल्याचा मुलामा देता येतो. मार्गदर्शिकांतील 'डावपेच' या शब्दाचा उगम त्यातही असावा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने मात्र पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो उपलब्ध करून देणे आणि त्याची जाहिरात करणे या दोन्ही गोष्टी त्यात शिक्षेस पात्र ठरविल्या आहेत. 'कसे खेळावे' सांगणारे लेखन मार्गदर्शन कोठे संपते आणि जाहिरात कोठे सुरू होते हे सांगू शकत नाही, ही बाब त्यामुळे केवळ शैलीची राहिलेली नाही.

हळहळीची रचना

वर सांगितलेले सारे गणित मान्य करूनही एक प्रश्न उरतो. निर्णयाने सरासरी काहीच बदलत नसेल, तर खेळणाऱ्याला तो निर्णय एवढा खरा का वाटतो? याचे उत्तर खेळाच्या निवेदनरचनेत शोधावे लागते, आणि येथे या खेळाचे खरे नावीन्य आहे.

मटक्यात किंवा लॉटरीत आकडा लागतो वा लागत नाही. न लागल्यास दुसरा आकडा लावायला हवा होता असे वाटते खरे, पण तसे वाटण्याला तेथे फारसा आधार नसतो. क्रॅशमध्ये प्रत्येक डावाला एक अचूक क्षण असतो, आणि तो प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरून जातो. विमान 40 वर नाहीसे झाले तर 1.50 वर बाहेर पडलेला मनुष्य जिंकूनही हळहळतो. उरलेला सारा चढ त्याने बसून पाहिलेला असतो. विमान 3.20 वर गेले तर 3.10 वर बोट उचललेले नसणारा हरतो आणि हळहळतो. जिंकणे व हरणे यांचे रूपांतर एकाच भावनेत करणारी ही रचना आहे. तो क्षण डाव संपल्यावरच कळतो. पण तो डावाच्या आतच होता, हाताच्या टप्प्यात होता, असा भास टिकून राहतो. तोटा हा नशिबाचा न वाटता स्वतःच्या चुकीचा वाटतो, आणि चूक म्हटली की ती सुधारता येते. मार्गदर्शिका याच फटीत शिरते. ती जिंकण्याची आशा विकते असे सामान्यतः म्हटले जाते. वस्तुतः ती चूक सुधारण्याची आशा विकते, आणि ही दुसरी आशा अभ्यासू मुलांनाही सहज पटते.

अक्षसूक्तातील जुगारीही पुन्हा न जाण्याचा निश्चय करतो आणि फाशांचा आवाज येताच जातो. पण त्या सूक्तात त्याच्याभोवती माणसे आहेत. पत्नी दुरावली आहे, सासू द्वेष करते, आईबाप व भाऊ आपण याला ओळखत नाही असे म्हणतात. तो दुसऱ्यांची सुव्यवस्थित घरे पाहून पोळतो. द्यूतसभेतही द्रौपदीचा प्रश्न विचारला गेला, मग सभेने त्याचा निवाडा केला नाही तरी. क्रॅशच्या पडद्यावर इतरांची नावे व रकमा सतत सरकत असतात. म्हणजे सभा आहे, परंतु तिच्यात प्रश्न विचारणारे कोणी नाही. मार्गदर्शिकेत दुसरे पात्रच नसते. तिचा नायक कोणाचा मुलगा नाही, कोणाचा नवरा नाही, वसतिगृहाची फी भरावयाची असलेला विद्यार्थी नाही. त्याच्याजवळ फक्त शिल्लक रक्कम आहे.

शेवटी एका सल्ल्याची नोंद केली पाहिजे. जवळपास प्रत्येक मार्गदर्शिकेत 'मर्यादा ठरवून खेळा' अशा अर्थाचे एक वाक्य असते. गणिताच्या दृष्टीने सबंध लेखनातील हाच एक सल्ला तोट्याचा आकडा खरोखर बदलू शकतो, कारण तोटा गुणकावर अवलंबून नसून लावलेल्या एकूण रकमेवर, म्हणजेच डावांच्या संख्येवर अवलंबून आहे. डावातून केव्हा बाहेर पडावे यावर पाने खर्च होतात. बैठकीतून केव्हा उठावे यावर ते एक वाक्य. ते बहुधा अगदी तळाशी असते, आणि अनेकदा त्याच्या लगेच खाली खाते उघडण्याचे बटण असते.